कोणती गाडी? पांढरी!

पुण्यात येरवड्याच्या बाजूच्या कोणत्याही आयटी कंपनीच्या उपाहारगृहात दुपारच्या सुटीत ऐकू यावा असा हा संवाद. एका सहकाऱ्याने नवी मोटार घेतली आहे. पेढ्यांचा पुडा टेबलावर फिरतो आहे आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या मोटारवेड्या गृहस्थाचे डोळे लकाकले आहेत. ‘‘कोणती घेतलीस रे?’’ तो अधीरतेने विचारतो. ‘‘पांढरी,’’ सहकारी सांगतो. सगळे हसतात. मोटारवेडा मात्र हसत नाही. पुढच्या पाच मिनिटांत त्याला कळते ते असे, की गाडी पेट्रोलवर चालते हे मालकाला ठाऊक आहे, कारण पंपावर ते सांगावे लागते. ती ‘अ‍ॅव्हरेज’ बरे देते असे विक्रेत्याने सांगितले आहे. आणि उंड्रीहून कार्यालयात येण्याची दुसरी धड सोय नसल्यामुळे ती घ्यावी लागली आहे. बस्स. इंजिन किती क्षमतेचे, गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा, वळणावर गाडी रस्त्याला कशी धरून राहते, यांपैकी कशाचाही पत्ता नाही आणि पत्ता नसल्याची खंतही नाही. बारा लाख रुपये मोजून, सात वर्षांचे हप्ते बांधून घेतलेल्या वस्तूविषयी माणूस इतका निर्विकार कसा राहू शकतो, हे कोडे मोटारवेड्याला संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत सुटत नाही.

कोडे वरकरणी गमतीचे आहे. परंतु मोठ्या शहरांत रस्ते कोणासाठी बांधायचे, सार्वजनिक पैसा कोणत्या वाहतुकीवर खर्च करायचा आणि नोकरीसाठी रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसापुढे कोणते पर्याय ठेवायचे, या प्रश्नांचे जे काही चालले आहे त्याच्याशी या कोड्याचा जवळचा संबंध आहे. मोटारवेड्याचा विस्मय खरा आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसाकडे वळलेला असतो.

छंद म्हटला की त्याचे वेड नसलेली माणसे जगात असणारच, हे बहुतेक छंदिष्टांनी मनाशी स्वीकारलेले असते. पहाटे उठून भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणारा माणूस शेजाऱ्याला पक्ष्यांची नावे येत नाहीत म्हणून चकित होत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मांडी घालून तासन् तास बसणारा श्रोताही बहुसंख्यांना यमन आणि भूप यांतील भेद सांगता येणार नाही, हे गृहीत धरून चालतो. मोटारवेड्याचे तसे होत नाही. त्याच्या छंदाची वस्तू रस्तोरस्ती उभी असते, घरोघरी तिची चर्चा होते, लग्नाच्या वरातीपासून राजकीय मिरवणुकीपर्यंत सर्वत्र ती मिरवते. जी वस्तू सगळ्यांना हवी आहे, तिच्यात सगळ्यांना रसही असणार, असा त्याचा साधा तर्क असतो.

हा तर्क कोठे फसतो, हे एका जुन्या प्रसंगावरून कळते. १९८५ च्या मार्च महिन्यात मेलबर्नच्या मैदानावर रवी शास्त्रीला मालिकेतील सर्वोत्तम कामगिरीबद्दल ऑडी मोटार मिळाली आणि भारतीय संघातील खेळाडू त्या गाडीवर चढून मैदानाची फेरी मारून आले. त्या पिढीच्या मनातून ते दृश्य अजून पुसलेले नाही. ऑडी हे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकणाऱ्यांची संख्या या देशात मोठी असणार. ती गाडी किती वेगाने धावते, तिचे इंजिन कसे आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते. पण आनंद सगळ्यांना झाला होता. मोटारीविषयीचे भारतीय कुतूहल बव्हंशी याच जातीचे आहे. त्याचा विषय यंत्र नसून बक्षीस असतो. सोसायटीत नवी गाडी आली की माणसे जमतात, हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ते पाहून मोटारवेड्याला वाटते, की हे सारे आपलेच जातभाई. प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे घरात आलेल्या लक्ष्मीचे स्वागत करीत असतात, आणि ती लक्ष्मी हॅचबॅक आहे की सेदान, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

जुन्या मोटारमालकांना आपल्या गाडीची खडानखडा माहिती असे, असे हळहळून सांगणारेही पुष्कळ भेटतात. ते खरेही आहे. स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके मोटार घेणाऱ्यापुढे निवड अशी नव्हतीच. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून येणारी अ‍ॅम्बॅसेडर, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून येणारी फियाट, जी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली, आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, एवढ्यात सारे संपे. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मात्र एकदा गाडी दारात आली, की तिच्याविषयी अज्ञानी राहण्याची चैन परवडत नसे. बोरघाट चढताना रेडिएटर उकळे, पावसाळ्यात प्लग ओले होत, आडरानात फॅनबेल्ट तुटे, आणि थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा याचे प्रत्येक गाडीचे शास्त्र निराळे असे. परिणामी डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी असे यंत्रशास्त्राशी काडीचा संबंध नसलेले गृहस्थही बॉनेट उघडून उभे राहत आणि चार गोष्टी शिकत. त्यांच्या त्या ज्ञानाला आज आवडीचे नाव दिले जाते. बहुतेकांच्या बाबतीत तो नाइलाज होता.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि हा नाइलाज हळूहळू संपत गेला. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या, १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मोटारवेड्यांच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. इंग्रजी मासिके वाचून ज्यांनी केवळ चित्रांतल्या गाड्यांवर प्रेम केले, त्यांना त्या गाड्या शोरूमच्या काचेमागे दिसू लागल्या. पण नेमक्या याच काळात एक उलटी प्रक्रियाही चालू होती. ज्या अभियांत्रिकीचे पोवाडे मोटारवेडा गातो, तिनेच मोटारीला फ्रिजच्या पंगतीला नेऊन बसवले. गाडी बंद पडेनाशी झाली, बॉनेट उघडण्याचे प्रसंग संपले, दुरुस्ती संगणक जोडून होऊ लागली. फ्रिजचा कॉम्प्रेसर कोणत्या बनावटीचा, असे कोणी पाहुणा विचारत नाही. आतले दूध नासले नाही म्हणजे झाले. ‘पांढरी’ असे उत्तर देणारा सहकारी हे या प्रगतीचेच अपत्य आहे. बेपर्वाईचा दोष त्याला देता येत नाही.

आता प्रश्न संख्येचा. मोटारीत रस असणे हे सर्वसाधारण आणि नसणे हे अपवादात्मक, असे शहरी मध्यमवर्गाला वाटते, कारण त्याच्या अवतीभवती मोटारमालकच असतात. वस्तुस्थिती फार निराळी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील जेमतेम आठ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास, निघाले. पण गोवा हा सर्वच बाबतींत अपवाद. त्याआधीच्या, २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात याची नोंद घेतली गेली. शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्या सुमारे वीस कोटी लोकांपैकी साडेचार कोटी पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलने, जवळपास तितकेच दुचाकीने आणि सव्वादोन कोटी बसने. मोटारीने कामावर जाणारे होते चोपन्न लाख, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर गाड्या पुष्कळ वाढल्या, तरी मोटारीवाचून जगणाऱ्यांचे बहुमत काही हललेले नाही.

अर्थात येथे सावध राहिले पाहिजे. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला ती नको आहे असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. २०१९ च्या सप्टेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्यावर टीकेची झोड उठली ती याच कारणासाठी. त्याआधीच्या ऑगस्ट महिन्यात देशातील प्रवासी मोटारींची विक्री एकतीस टक्क्यांहून अधिक घसरली होती. या मंदीची कारणे सांगताना त्यांनी तरुण पिढीच्या बदललेल्या मनोवृत्तीचाही उल्लेख केला : मोटारीच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा या पिढीला ओला, उबर किंवा मेट्रो बरी वाटते. समाजमाध्यमांवर त्या विधानाची यथेच्छ खिल्ली उडवली गेली, आणि पुढील वर्षांतील आकड्यांनीही त्याला साथ दिली नाही. २०२४–२५ या आर्थिक वर्षात प्रवासी वाहनांची विक्री त्रेचाळीस लाखांवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर पोहोचली. तरीही त्या विधानात एक कण सत्य होते, ते गदारोळात हरवले. मोटार न घेण्याची इच्छा असलेला वर्ग या देशात आहे. त्याला ती इच्छा अमलात आणता येत नाही, एवढीच अडचण आहे.

उंड्रीच्या सहकाऱ्याचा हिशेब मांडून पाहिला तर हे स्पष्ट होते. त्याला गाडी चालवायला आवडत नाही. त्याच्या पत्नीकडे परवाना आहे, पण या रहदारीत तिचे धाडस होत नाही, किंवा होऊ दिले जात नाही. अशा बाबतींत घरोघरी मातीच्या चुली. आई-वडिलांना रुग्णालयात न्यायचे तर रिक्षा मीटरने येईल याची खात्री नाही. बसथांब्यापर्यंत जायला धड पदपथ नाही आणि बस किती वेळाने येईल हे सांगता येत नाही. दुचाकीवरून पावसाळ्यात दीड तास जाण्याचे वय उलटले आहे. अशा माणसाने मोटार घेतली तर ती आवड म्हणायची की शिक्षा? पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ-सत्तर लाख लोकसंख्येसाठी पीएमपीच्या ताफ्यात बस आहेत दोन हजारांच्या आसपास. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याचे मानक एक लाख लोकसंख्येमागे साठ बसचे आहे. म्हणजे पुण्यात आहेत त्याच्या दुप्पट हव्यात. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा सारा देश पुण्याकडे पाहत होता. पुढे त्या मार्गिका एकेक करून इतर वाहनांनी गिळल्या. २०१८ मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची आकडेवारी प्रसिद्ध झाली. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याला त्याचे फारसे काही वाटले नाही.

मुंबईचे दुखणे आणखी वेगळे आहे. या शहरात मोटारीविषयी उदासीन राहणे ही अनेक पिढ्यांची रीत होती, कारण लोकल आणि बेस्ट यांच्या जोरावर माणूस जन्मभर मोटारीवाचून जगू शके. पण २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्याही खाली आला. त्याच काळात महापालिकेने सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. बेस्टच्या मोजक्या फेऱ्या सोडल्या तर तो मोटारवाल्यांचाच रस्ता आहे. रस्ता उत्तम आहे, याबद्दल दुमत नसावे. पण ज्याला मोटारीत रस नाही आणि ज्याच्याकडे मोटार नाही अशा करदात्याचे पैसेही त्यात आहेत, आणि त्याची बस मात्र थांब्यावर येईनाशी झाली आहे. भुयारी मेट्रोचे काम २०२५ मध्ये पूर्ण झाले, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मोटारीत रस नसलेली पिढी खरोखर पाहायची असेल तर जपानकडे पाहावे लागते. तेथे नव्या वाहनांची विक्री १९९० मध्ये अठ्ठ्याहत्तर लाखांच्या जवळ पोहोचली होती. २०२४ मध्ये ती चव्वेचाळीस लाखांवर होती. तरुणांनी मोटारीकडे पाठ फिरवण्याच्या या प्रकाराला तेथे ‘कुरुमा बानारे’ असे नावच पडले आहे. कुरुमा म्हणजे मोटार आणि बानारे म्हणजे दुरावणे. आर्थिक कुंठितता, घटती लोकसंख्या ही कारणे त्यामागे आहेतच. परंतु महानगरांतील जपानी तरुणाला मोटारीवाचून अडत नाही, हे कारणही तितकेच मोठे आहे. तोक्योची रेल्वे मिनिटाच्या हिशेबाने धावते. शिवाय १९६० च्या दशकापासून तेथे असा कायदा आहे, की गाडी ठेवण्याची स्वतःची जागा दाखवल्याशिवाय, काही सवलती वगळता, गाडीची नोंदणीच होत नाही. रात्रभर गाडी रस्त्यावर लावून ठेवण्याची सोय नाही. साहजिकच मोटार घ्यायची की नाही, हा प्रश्न तेथील माणूस खरोखर स्वतःला विचारू शकतो आणि ‘नको’ असे उत्तरही देऊ शकतो.

या दुराव्याने सर्वाधिक अस्वस्थ झालेला माणूस जगातील एका बलाढ्य मोटार कंपनीच्या प्रमुखपदी बसला होता. अकिओ टोयोडा २००९ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष झाले. ते संस्थापकांचे नातू. पण त्यांची दुसरी ओळख ‘मोरिझो’ या टोपणनावाने शर्यतींत उतरणारा चालक अशी आहे. म्हणजे येरवड्याच्या उपाहारगृहातील मोटारवेड्याचाच हा जागतिक अवतार. त्यांच्या कंपनीने दशकानुदशके बनवल्या त्या मात्र ‘पांढरी’ असे उत्तर देणाऱ्यांसाठीच्या गाड्या : भरवशाच्या, बिनतक्रारीच्या आणि रसिकांच्या मते अळणी. तरुणांना परत आणण्यासाठी २०१२ मध्ये टोयोटाने सुबारूच्या साथीने ‘८६’ ही छोटी, तुलनेने स्वस्त क्रीडामोटार काढली. २०२० मध्ये जीआर यारिस आणली. विक्रीचे पारडे अर्थातच या गाड्यांनी फिरले नाही. पण रसिकांनी त्या डोक्यावर घेतल्या. माझदाची दोन आसनी रोडस्टर १९८९ पासून निघते आहे आणि २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. ज्या देशात तरुणांचा मोठा वर्ग मोटारीपासून दूर गेला, त्याच देशात मोटारवेड्यासाठी मुद्दाम बनवलेल्या गाड्या आजही सर्वांत जास्त मिळतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भारतात नेमके उलट घडले. येथे मोटारी घेणारे वाढत गेले आणि मोटारवेड्याच्या आवडीच्या गाड्या नाहीशा होत गेल्या. स्टिअरिंगचा वजनदार हात आणि घट्ट सस्पेन्शन यांसाठी नावाजलेल्या फियाटने २०१९ मध्ये भारतीय बाजारातून काढता पाय घेतला. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगनची पोलो, जिच्यासाठी अनेकांनी पहिल्या नोकरीचा पगार साठवला, ती २०२२ मध्ये बंद झाली. त्यांची जागा उंच, रुंद, आडदांड एसयूव्हींनी घेतली. २०२४–२५ मध्ये विकल्या गेलेल्या त्रेचाळीस लाख वाहनांपैकी पासष्ट टक्के याच वर्गातील होती. त्यामागील कारणे मोटारवेड्याच्या शब्दकोशात नसतात. बसायला उंच आहे, खड्ड्यांत खाली घासत नाही, छताला काच आहे म्हणून मुले खूश आहेत, विकताना भाव चांगला येतो, आणि मेहुण्याकडे तीच आहे. प्रत्येक कारण आपापल्या जागी रास्त आहे. पण कारखानदार गाडी बनवतो ती या कारणांसाठी. वळणावर झुकू नये अशी गाडी मागणारा एक आणि छताला काच मागणारे वीस, असे असेल तर कारखाना कोणाचे ऐकणार, हे सांगायला नको.

थोडक्यात, मोटारवेड्याच्या वाटेत मोटार न घेणारे लोक कधी आलेच नाहीत. लोकलच्या डब्यात उभा राहून कादंबरी वाचणारा कारकून त्याच्या रस्त्यावरची एक जागा मोकळी ठेवत होता. मोटारवेड्याला ज्याच्याविषयी खरे कोडे पडावे, तो माणूस मोटारीच्या आत बसलेला आहे : इच्छा नसताना, आवड नसताना, कौशल्य कमावण्याची उसंत नसताना रोज दोन-अडीच तास गाडी चालवणारा. त्याला सिग्नलला क्लच दाबून बसण्याचा कंटाळा येतो म्हणून आपोआप बदलणारे गिअर हवे असतात. तो मार्गिका पाळत नाही, आरसे पाहत नाही, वळताना दिवा दाखवत नाही, कारण हे सारे ज्याने शिकायचे त्याला शिकण्यात गोडी नाही आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेला शिकवण्यात. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत जवळजवळ तेहतीस हजार पादचारी होते, म्हणजे मोटारीशी ज्यांचा संबंध केवळ ती अंगावर येण्यापुरता आला असे.

आणि केवळ महाग यंत्र हाती असल्याने जाण येते, असेही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला परदेशी बनावटीच्या आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती होती, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्यानंतर मोटारींच्या वेडावरच तोंडसुख घेतले गेले. तो राग समजण्याजोगा असला, तरी गाडीची जाण असलेला माणूस टायरच्या हवेपासून थांबायला लागणाऱ्या अंतरापर्यंत सारे मनात मोजत असतो, आणि त्या जाणिवेचा अशा प्रसंगांशी संबंध लावणे अन्यायाचे आहे. वेड आणि माज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारची पावले मात्र अजून जुन्याच दिशेने पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवर आणण्यात आला. लहान गाडी स्वस्त होणे वाईट नाही; दुचाकीवर चौघांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला त्यातून छप्पर मिळेल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण जाहीर केले होते. जपानी कायद्याची ही मराठी आवृत्ती ऐकून मोटारवाले खवळले. त्यांच्या रागाला एक आधार होता. तोक्योने आधी रेल्वे दिली होती. पर्याय न देता नुसती अट घातली, तर उंड्रीचा सहकारी मोटार घेण्याचे थांबवणार नाही. तो जागेचे प्रमाणपत्र कोठून मिळते याची चौकशी करील.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा शहराने मोठ्या मायेने तिला निरोप दिला. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, लोकांनी छायाचित्रे काढली. त्यांतील बहुतेकांनी त्या गाडीचे चाक कधी हाती धरलेले नव्हते. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, हे त्यांनी मागच्या आसनावरून पाहिले होते, तेवढेच. मीटर टाकला, सामान टपावर बांधले आणि बोरीबंदर गाठले, एवढ्या ओळखीवर जडलेला तो जिव्हाळा होता. मोटारीवर प्रेम करण्यासाठी तिचा मालक व्हावे लागत नाही, याचा इतका चांगला दाखला मोटारवेड्याला दुसरा मिळाला नसता. त्याने मात्र त्या दिवशी पद्मिनीच्या इंजिनाची क्षमता १०८९ सीसी होती, हे सर्वांना सांगितले.

येरवड्याच्या उपाहारगृहात सुटी संपत आलेली असते. मोटारवेडा शेवटचा प्रयत्न करतो : ‘‘बरं, पण चालवायला कशी वाटते?’’ सहकारी डबा बंद करता करता म्हणतो, ‘‘चालवतो कुठे? थांबलेलीच असते. उंड्रीहून इथपर्यंत सव्वा तास.’’ मग त्यालाच काही आठवते. ‘‘तुझं काय? तू कोणत्या गाडीने येतोस?’’

‘‘मेट्रोने,’’ मोटारवेडा सांगतो.

त्याची पोलो वनाजजवळच्या सोसायटीत आच्छादनाखाली उभी असते. रविवारी पहाटे साडेपाचला ती निघते, ताम्हिणी घाटात दोन तास काढते आणि चांदणी चौकात गर्दी सुरू होण्यापूर्वी, साडेनऊच्या आत, परत आलेली असते.